गुरुवारचा डबा

रविवार, ९ जून

ही वही मी यांच्या आजारपणात लिहीत होते. हे गेल्यावर बंद केली, त्याला चार वर्षं झाली. आज पुन्हा उघडली, कारण आज बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं.

अक्का हॉस्पिटलातून घरी आल्या. म्हणजे आमच्या अन्नपूर्णाबाई, भजनी मंडळाच्या गुरू. मागच्या महिन्यात दारात कोलमची रांगोळी घालताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आता वॉकर धरून खाटेपासून न्हाणीपर्यंत चालतात, तेवढंच. ओट्यापाशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मूलबाळ नाही, यजमान केव्हाच गेले. कोइमतूरहून भाचा आला होता, अनंतकृष्ण. तो त्यांना कायमचं घेऊन जायला निघाला होता.

अक्का म्हणाल्या, "कोइमतूरला येऊन मी कोणासंगे म्हणू?"

आमचं गाणं एकटीचं नाहीच. एका बाजूच्या बायका ओळ टाकतात, समोरच्या ती परत करतात. अक्कांच्या माहेरची ही तंजावरची रीत. ओळी सगळ्या त्यांना पाठ, आम्ही प्रत्येक जणी अर्ध्याच शिकलोय, ज्या बाजूला बसतो त्या बाजूच्या. दोन्ही बाजू बसल्याशिवाय एकही गाणं पुरं होत नाही.

मग सकवारबाई उठल्या. मंडळाची सगळी व्यवस्था त्याच बघतात, आणि उठल्या की बाकीच्या बसतात. म्हणाल्या, अक्कांना बाहेरचं अन्न चालत नाही, तर आपण सात जणी आहोत आणि आठवड्याचे वारही सात. दुपारचं जेवण रोज एकीनं आणायचं, अक्का त्यातलंच थोडं रात्रीला ठेवतील. सोमवार त्यांचा स्वतःचा, मंगळवार अंबुजाचा, शनिवार हरिप्रियाचा, कारण तिला शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून सुट्टी तेव्हाच. गुरुवार मी मागून घेतला. बाकीचे वार उरलेल्या तिघींनी घेतले. अनंतकृष्ण बघतच राहिला. म्हणाला, "आमच्या अपार्टमेंटात पाण्याच्या टँकरवरून भांडणं होतात, आणि तुम्ही इथे..." पुढे त्याला मराठी शब्द सुचला नाही.

अक्कांनी एकच अट घातली. "ज्या दिवशी जमेल त्या दिवशी आणा गे. पण कोण आली, कोण नाही, हा हिशेब मजकडून मागू नका." त्यांचं सैदापेटचं पहिलं मंडळ नैवेद्याच्या पाळीवरून मोडलं होतं म्हणे. दोघी जावा होत्या, पुढे मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी गाणी गेली.

घरी येताना मला फार हलकं वाटलं. यांना सांगायला हवं होतं.


गुरुवार, १३ जून

पहिला गुरुवार. पहाटेच उठले. नागपुरी वरण, भात, वांग्याची भाजी, कोशिंबीर, वर साजूक तूप. यांचा ऑफिसचा चार कप्प्यांचा डबा माळ्यावरून काढून चिंचेनं घासला. आवडी गावातल्या फॅक्टरीत हे तीस वर्षं हाच डबा नेत होते.

अक्का पोटभर जेवल्या. जेवताना बोलत नाहीत, मान हलवतात. डबा मी धुणार होते तर हातातून काढून घेतला, स्वतःच बसल्या बसल्या विसळला आणि वरच्या कप्प्यात गुळाचा मोठा खडा घालून दिला. "रिकामा डबा दारातून जाऊ नये, विद्या."

पस्तीस वर्षांपूर्वी मी नवी नवरी म्हणून मद्रासला आले तेव्हा मला इथे कोणाचंच काही कळत नव्हतं. बाजारात एका बाईला मराठीसारखं काहीतरी बोलताना ऐकलं आणि रडायलाच आलं. त्या अक्का. त्यांचं 'आम्हास', 'कोठे', मध्येच तमिळ. मला वाटलं माझी पणजीच भाजी घेतेय. घरी नेलं, ताकभात वाढला. त्या दिवशीही माझ्या पिशवीत काहीतरी घालून पाठवलं होतं. लिंबं असावीत.


गुरुवार, २७ जून

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर रोज अक्कांच्या पानाचा फोटो येतो. सकवारबाईंनी सोमवारी पायसम दोन तऱ्हेचं नेलं. अंबुजानं मंगळवारी केळफुलाची भाजी केली, जी निवडायला अर्धा दिवस जातो, आणि तेही लिहिलं. फोटोखाली सगळ्यांचे अंगठे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेअर प्रत्येक चांगल्या कामासाठी मणी द्यायच्या. ज्या मुलीची माळ सगळ्यांत लांब, तिची माळ वर्गात मेरीच्या पुतळ्यापाशी टांगायची. मी एकदा मैत्रिणीला मुद्दाम माझी पेन्सिल दिली आणि सिस्टर बघतायत ना, हे वळून पाहिलं होतं. आज पुरणपोळीचा फोटो टाकताना ती माळ आठवली. हसूच आलं.

अक्का म्हणाल्या, "पोदुम गे, पुरे. मी एक बाई आहे, लग्नाची पंगत नव्हे." पण खूश होत्या.


शुक्रवार, १९ जुलै

काल क्षितिजच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. शोळिंगनल्लूरला, चौदाव्या मजल्यावर. गॅलरीतून लांबवर समुद्राची एक पट्टी दिसते. सुनेनं, निधीनं, सगळं सुंदर केलं होतं. मी पहाटेच तिकडे गेले. वाटेत आठवलं, आज गुरुवार. ग्रूपवर लिहिलं, "आज मला जमणार नाही, कोणीतरी अक्कांकडे नक्की पाठवा." तीन अंगठे आले. निर्धास्त झाले.

पूजेच्या गडबडीत दिवस गेला. संध्याकाळी अक्कांना फोन केला, कोणी आणलं विचारायला. म्हणाल्या, "आज गुरुवार ना, माझा उपास होता. बरं झालं तू मुलाकडे गेलीस. मुहूर्त सांभाळावा."

गुरुवार धरलाय हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे मागे त्या गुरुवारी माझी पुरणपोळी माझ्याखातर खाल्ली असणार. कसं सगळं आपोआप जुळून येतं. मनाला लागलेली टोचणी गेली. त्यांना विचारलं, पुढच्या गुरुवारी आणू ना? म्हणाल्या, "आण आण. तू आणलीस की मी जेवते."


मंगळवार, ६ ऑगस्ट

अक्कांनी आता शनिवारही धरलाय. हरिप्रियानं सांगितलं. मागच्या शनिवारी तिला ऑफिसनं बोलावलं, तिनं रात्री घाबरत फोन केला तर कळलं, मारुतीचा उपास. आणि कालपासून सोमवारही. सकवारबाईंच्या लेकीकडे कोवलमजवळच्या बीच हाउसवर वाढदिवस होता, त्या तिकडे गेल्या आणि योगायोगानं अक्कांनी त्याच दिवशी सोमवार धरला.

सकवारबाईंनी ग्रूपवर लिहिलं, "या वयात एवढी निष्ठा. आपल्याला लाज वाटली पाहिजे." पुढे असंही की यापुढे सोमवारी त्या संध्याकाळी एक केळं नेतील, उपासाला केळं पुष्कळ होतं. अंबुजा मला फोनवर म्हणाली, "केळं घेऊन कार काढणार ही बाई. पेट्रोल केळ्याहून महाग." दोघी हसलो.

पण मला खरंच वाटतं, त्या आता हळूहळू वेगळ्याच वाटेनं चालल्यात. आधी डब्यात गूळ यायचा, मग लाह्या, मागच्या गुरुवारी तुळशीचं एक पान. एकच पान. घरी येऊन डबा उघडला आणि किती वेळ बघत बसले. माणूस इतकं सुटं होऊ शकतं.


रविवार, २५ ऑगस्ट

भजन अक्कांच्या घरी. मी आज त्यांच्या समोरच्या बाजूला बसले. त्या ओळ टाकतात आणि ती परत करायला सुरुवात करायची ती मी. आवाज बारीक झालाय, पण सूर जागचा हलत नाही. पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या मधूनमधून मनगटावर ओढून घेत होत्या. अंबुजा म्हणाली, "अक्का कशा नाजूक झाल्या, नवरीसारख्या." सगळ्या हसल्या. अक्काही.

प्रसादाला हरिप्रियानं गोड शेवया आणल्या होत्या. अक्कांनी तीनदा घेतल्या. सकवारबाई कौतुकानं म्हणाल्या, रविवारी उपास नाही, तर लहान मुलासारखं होतं बघा.

निघताना अक्कांनी माझा हात धरला. "छान परत करतेस गे. माझ्यामागं समोर तूच बस." मी तेवढंच ऐकलं आणि रस्ताभर तेच मनात घोळवत आले. मला कोणी निवडावं, याची भूक या वयातही जात नाही.


गुरुवार, ५ सप्टेंबर

मधले दोन गुरुवार मी चुकवले. एकदा गुडघा धरला होता, एकदा निधीला ताप. दोन्ही वेळा ग्रूपवर लिहिलं. दोन्ही वेळा अक्कांचा उपास होताच.

आज गेले. साधंच नेलं, वर दोन रव्याचे लाडू, टिकावेत म्हणून खोबरं न घालता. त्या खूप वेळ जेवत होत्या. भात संपला तेव्हा कप्प्याच्या कडा बोटानं निपटल्या. मी म्हटलं, आज वरण चांगलं जमलं वाटतं. मान हलवली.

डबा मागितला तर म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या गुरुवारी ने. आज घालायला घरात काही हाताशी नाही."

मी म्हटलं, तुळशीचं पान चालेल की.

"तुळस वाळली गे. पाणी घालायला दारापर्यंत जाववत नाही."

वय झालं की माणूस एखाद्या गोष्टीला धरून बसतं. मी हट्ट केला नाही, डबा राहू दिला. घरी स्टीलचा दुसरा आहे.


शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. काल हरतालिका, मी यांच्या माघारीही धरते, सवय सुटत नाही. मंडळातल्या सगळ्यांचीच होती. आज पहाटेपासून मोदक. क्षितिज, निधी आले. मोदकांच्या कळ्या यंदा अगदी माझ्या आईसारख्या पडल्या. फोटो ग्रूपवर टाकला, बाकीच्यांचेही आले, सगळ्यांचे मोदक बघून पोट भरलं.

दुपारी ताटं वाढताना अक्कांची आठवण आली. पण आज शनिवार, हरिप्रियाचा. आणि सणाचा दिवस आहे, सातही घरांतून मोदक गेले असणार. ठेवायला भांडी पुरणार नाहीत त्यांना. आपण आणखी भर घालू नये म्हटलं. उद्या ऋषिपंचमी, उद्याही बायकांची गडबड. सोमवारी फोन करीन.


सोमवार, ९ सप्टेंबर

अक्कांना हॉस्पिटलात नेलं. सकाळी केर काढायला येणाऱ्या बाईनं दार वाजवलं, आतून कडी काढायला कोणी येईना. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं तर न्हाणीच्या दारात पडलेल्या. अनंतकृष्ण निघालाय.

डॉक्टर मुलगी लहान होती. आम्हा चौघींकडे बघून इंग्रजीत विचारलं, घरी यांचं जेवणखाण कोण बघतं? आम्ही एकदम म्हटलं, आम्ही. ती म्हणाली, शरीरात काहीच नाही. किती दिवसांत नीट जेवल्या नाहीत?

सकवारबाईंनी तिला समजावून सांगितलं, त्या फार उपास करतात, आम्ही सगळ्या सांगून थकलो. मीही मान हलवली. आम्ही कोणी सांगितलं होतं, हे आता लिहिताना विचारतेय.


बुधवार, ११ सप्टेंबर

दुपारी अनंतकृष्ण आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. बिचारा दोन रात्री जागलेला. मी त्याला धीर द्यावा म्हणून म्हटलं, तुमच्या आत्या म्हणजे साध्वी, सोमवार, गुरुवार, शनिवार, एवढे उपास या वयात कोण करतं.

तो हसला. "उपास? आत्या? नाही नाही. आमच्या घरी तिची थट्टा होती. श्राद्धाच्या दिवशी भटजींना उशीर झाला, तर ती स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप गूळ खाऊन यायची. आजोबा म्हणत, हिला भूक म्हणून दिली देवानं ती दोघांची. तुम्ही दुसऱ्या कोणाचं सांगताय."

मग तो कॉफी आणायला गेला. त्याला काहीच कळलं नाही.

घरी आले. आल्यापासून इथे बसलेय. एकेक उपास डोळ्यांपुढे आणतेय. सोमवार धरला तो दिवस कोवलमच्या वाढदिवसाचा. शनिवार धरला तो हरिप्रियाच्या ऑफिसचा. आणि सगळ्यांत पहिला कुठला? गुरुवार. माझा. चौदाव्या मजल्यावर समुद्राची पट्टी बघत होते तो.

त्यांनी उपास कधी धरलेच नव्हते. आम्ही जेवण आणलं नाही त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं, आणि आम्हाला ते नाव इतकं आवडलं की पुढे तो दिवस आम्ही सोडूनच दिला. देवाच्या नावावर.

गूळ संपला म्हणून लाह्या. लाह्या संपल्या म्हणून पान. आणि मी ते पान कौतुकानं बघत बसले होते. शिकलेली बाई मी. सिस्टर क्लेअरच्या वर्गातली पहिली मुलगी.

चतुर्थीला कोणी गेलं होतं का? मी हरिप्रियाला फोन करून विचारलं, नुसतं सहज म्हणून. म्हणाली, नाही आंटी, घरी पाहुणे होते, आणि मला वाटलं सणाचं तुम्ही सगळ्या पाठवाल. शुक्रवारी हरतालिका म्हणून कोणी नाही. रविवारी ऋषिपंचमी म्हणून कोणी नाही.

माझा गुरुवारचा भात, आणि मग काही नाही.


गुरुवार, १२ सप्टेंबर

आज माझी पाळी. हॉस्पिटलच्या परवानगीनं मऊ भात नेला, लिंबाएवढे घास करून भरवला. थोडा गेला. मग मी त्यांचा हात धरून म्हटलं, "अक्का, तुमचा गुरुवार नव्हता ना कधी?"

त्या म्हणाल्या, "अनंतूला कळलं?"

मी म्हटलं, नाही.

"सांगू नकोस. कोणासच सांगू नकोस, विद्या. एकीचं नाव निघालं की ती दुसरीचं काढील. मग समोरासमोर बसेल कोण?"

मी म्हटलं, आम्ही तुम्हाला उपाशी ठेवलं, अक्का.

"कोठे ठेवलां गे? ज्या दिवशी आलां त्या दिवशी पोटभर घातलां की." श्वास घ्यायला थांबल्या. "माणसाला आपलं घर असतं. मला ठाऊक नाही का? मी नुसती वाट पाहत असे. एक वाजेपर्यंत पाहायची. मग म्हणायचं, आज उपास."

मला रडू आवरेना. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात किती हलका होता, ते मला लिहिता येणार नाही.

"फोन तरी करायचा होता," मी म्हटलं. "मी धावत आले असते."

"आली असतीस," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिवशी मंडळात सगळ्यांस कळलं असतं, कोण धावली आणि कोण नाही."


शनिवार, १४ सप्टेंबर

अक्का पहाटे गेल्या.


रविवार, २९ सप्टेंबर

तेरावं झालं. आज मंडळ सकवारबाईंच्या हॉलमध्ये जमलं. अक्कांच्या फोटोला मोगऱ्याचा जाड हार होता. आम्ही गाणं म्हणायला बसलो. ओळ टाकायच्या बाजूला सकवारबाई, समोर मी. तीन गाण्यांत दोनदा अडलो, ती ओळ फक्त अक्कांना येत होती. तरी म्हटलं. दोन्ही बाजू होत्या म्हणून म्हणता आलं. त्यांनी उपाशी राहून हेच राखलं होतं, आणि मला तो सूर गिळवत नव्हता.

मग सकवारबाई बोलल्या. रडत होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला लिहून ठेवायचंय. म्हणाल्या, अक्कांनी आपल्याला गाणं दिलं, पण त्याहून मोठं त्यांचं व्रत. त्यांच्या आठवणीसाठी आपण सगळ्यांनी मिळून एक वार धरू या. गुरुवार. येत्या गुरुवारी घटस्थापना आहे, त्याहून चांगला मुहूर्त नाही.

सगळ्यांनी हात वर केले. हरिप्रियानं जरा उशिरा केला, खाली बघत. सकवारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "विद्युलताबाई, तुमचाच वार आहे."

अक्कांना दिलेला शब्द होता. मी हात वर केला.


गुरुवार, ३ ऑक्टोबर

सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ग्रूपवर सगळ्यांचे घट, दिवे, आणि 'अक्कांचा गुरुवार' असं लिहिलेले फुलांचे फोटो. एक वाजला. अक्का एक वाजेपर्यंत वाट पाहत, म्हणून मी घड्याळाकडे बघत बसले. घरात काही नव्हतं असं नाही. फ्रीज भरलेला होता. तरी त्या एका दुपारी पोट कसं आत आत ओढतं ते कळलं. आणि मला कोणाची वाटही पाहायची नव्हती.

दोनच्या सुमारास अनंतकृष्ण आला. अक्कांचं घर आवरून झालं होतं, भाड्याचं घर, किल्ली परत करून रात्रीच्या गाडीनं निघणार होता. पिशवीतून माझा डबा काढला. "हा तुमचा ना? मांडणीवर होता, घासलेला. बाकीच्यांचे डबे त्यांच्याकडे टाकून आलो." बसला नाही, पाणी प्यायला आणि गेला.

यांचा डबा. कडी नीट लावलेली. मी तो ओट्यावर ठेवला, कप्पे सुटे केले. खालचे तीन लख्ख, कोरडे. वरच्या कप्प्यात रव्याचा लाडू होता.

माझाच. दोन नेले होते, त्यांतला एक.

मला आधी वाटलं, खायचा राहून गेला. मग समजलं. डब्यात घालायला घरात काही नव्हतं. शुक्रवारी नव्हतं, शनिवारी नव्हतं, रविवारी नव्हतं. लाडू हाताच्या अंतरावर होता. भूक म्हणून देवानं दोघांची दिलेल्या बाईनं डबा घासला, पुसला, त्यात तो ठेवून कडी लावली. पुढच्या गुरुवारी मी न्यायला येणार होते ना.

मी ओट्यापाशी उभ्यानंच तो खाल्ला. दगडासारखा झाला होता, जुन्या तुपाचा वास येत होता. आधी चाटून मऊ केला, मग चावला. एक कण टाकला नाही. मग भात लावला, वरण लावलं, पाट मांडून बसले आणि ताकभातापर्यंत जेवले.

डबा पुन्हा घासला आणि सवयीनं गुळाचा खडा काढायला बरणीशी गेले. हातात खडा घेतल्यावर लक्षात आलं, हा परत कोणाला द्यायचा नाहीये.

मग फोन घेतला. अक्का, मी कोणाचंही नाव घेतलं नाही. ग्रूपवर एवढंच लिहिलं:

"मी आज जेवले. अक्का उपास करत नव्हत्या. पहिला उपास त्यांना ज्या गुरुवारी घडला त्या दिवशी डबा माझा होता आणि मी गेले नाही. रविवारी मी भजनाला येईन. कोणाला मी समोर बसायला नको असेन तर तसं सांगा."

पाठवलं. थोड्या वेळानं खुणा निळ्या झाल्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं. अंगठा कोणीच दिला नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, पुन्हा परत आला. मी फोन ओट्यावर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

मग हरिप्रियाचं आलं. "शनिवार माझा होता, आंटी."

आता सकवारबाईंच्या नावाखाली त्या काहीतरी लिहीत असल्याची खूण दिसतेय. थांबते. पुन्हा दिसते. मी हे लिहितेय तोवर तिसऱ्यांदा थांबली, आणि आता पुन्हा दिसतेय.